न केलेला फोन

माझा भाऊ लायल याचं ट्विलाशी लग्न झालं तेव्हा ती आमच्या ब्रेनर गावच्या धान्यगोदामात वजनकाट्यावर बसायची. मुलं शाळेत जायला लागली आणि त्याच सुमारास तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना उठवायला, बसवायला, चालवायला एक बाई घरी यायची. एक दिवस वडिलांनी शर्टाचं बटण स्वतःचं स्वतः लावलं, आणि ट्विलानं ठरवलं की आपल्याला हेच शिकायचंय. रोज दोन-अडीच तास गाडी चालवून तिनं कॉलेज केलं. परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि गावातल्या असे व्यायाम-उपचार करणाऱ्या एकुलत्या एका थेरपिस्टकडे, कॉरिन डाल्बर्गकडे, सहायक म्हणून लागली.

सहायक म्हणजे सहायकच. आमच्याकडे कायद्यानं ही रेघ स्पष्ट आखलेली आहे. रोग्याला पहिल्यांदा तपासायचं ते थेरपिस्टनं. काय करायचं, किती करायचं, काय अजिबात करायचं नाही, हे ठरवायचं तेही तिनंच. सहायकानं ते करून घ्यायचं. काही बदलावंसं वाटलं तर आधी फोन करायचा. थेरपिस्टनं फोनवर हजर असायचं, आणि ठरावीक मुदतीत स्वतः येऊन रोग्याला पाहायचं. सहायकाचं काही चुकलं तर जाब दोघींना.

कॉरिन उंच, मोठ्या आवाजाची, ट्विलापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. गाडीत सतत सूर्यफुलाच्या बिया चावायची आणि टरफलं कपात थुंकायची. ट्विला पहिल्यांदा तिच्याबरोबर फेरीला गेली तेव्हा ती म्हणाली होती, "हे बघ, मला दर पाच मिनिटांनी विचारत बसलीस तर मी वेडी होईन. आणि अजिबात विचारलं नाहीस तर तुला हाकलीन." दोघींचं छान जमलं. लायल चिडवायचा, "माझ्यापेक्षा तू कॉरिनशीच जास्त बोलतेस." ट्विला म्हणायची, "ती उत्तर देते म्हणून."

मग शेजारच्या जिल्ह्यातला थेरपिस्ट काम सोडून गेला आणि त्याचेही रोगी कॉरिनवर येऊन पडले. आमच्या वाळूच्या टेकड्यांच्या मुलखात एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत जायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. कॉरिन पहाटे निघायची, अंधार पडल्यावर परतायची. स्वतः रोगी पाहायला जायच्या तिच्या फेऱ्या पुढे ढकलल्या जाऊ लागल्या. ट्विलाच्या फोनलाही ती तुटक उत्तरं द्यायला लागली. एकदा म्हणाली, "ट्विला, अगं तुला कळतं ना? मग कर की!" ट्विलानं ते मनावर घेतलं. पुढे पुढे तिचे फोन कमी झाले.

त्या मार्चमध्ये तिच्याकडे एल्डन प्रोहास्का हा रोगी होता. ऐंशीच्या पुढचा, विधुर, आयुष्यभर गुरं पाळलेला माणूस. बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती. कॉरिननं त्याला तपासून ठरवून दिलं होतं की घरात वॉकर धरून चालायचं, खुर्चीतून उठबस करायची, पायांचे व्यायाम करायचे. पायऱ्या मात्र ती स्वतः पुन्हा पाहून जाईपर्यंत बंद.

ट्विला त्याच्या कमरेला पट्टा बांधून मागून धरायची. एल्डन म्हणायचा, "पट्टा बांधलास, आता कानाला बिल्लाही मार म्हणजे झालं."

"मारते की. नंबर कितवा हवाय?"

"पहिला. कळपातला सगळ्यात म्हातारा बैल मीच."

ते दिवस वासरं जन्मायचे. एल्डनचा पुतण्या ग्लेन सगळं सांभाळत होता, पण म्हाताऱ्याचा जीव खिडकीला टांगलेला. गाय अडली की तिच्या हंबरण्यावरून त्याला घरात बसून कळायचं, आणि तो बसल्या जागी कासावीस व्हायचा. मागच्या दाराला फक्त तीन पायऱ्या होत्या. त्या उतरल्या की समोर कुंपण आणि कुंपणापलीकडे गाई.

"पोरी," तो एका दुपारी म्हणाला, "मी हॉस्पिटलात मेलो नाही ते या खुर्चीत मरायला का? तीन पायऱ्या आहेत. तीन!"

"मला माहीत आहे किती आहेत ते. कॉरिन आली की बघू."

"कॉरिन कधी येणार? वासरांना शिंगं फुटल्यावर?"

कॉरिनची मुदतीतली भेट टळून गेली होती. आणि एल्डन खरंच चांगला चालत होता. पायांत जोर आला होता, तोल सावरत होता. ते तिनं रोज पाहिलं होतं. स्वयंपाकघरात भिंतीवर फोन होता. त्याच्या शेजारून ती त्याला मागच्या दाराकडे घेऊन गेली.

तिनं त्याला नीट शिकवलं. एक हात कठड्यावर. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. स्वतः एक पायरी खाली उभी राहून पट्टा घट्ट धरला. एल्डन उतरला, कुंपणापर्यंत गेला, आणि एक ओलं वासरू आईच्या पोटाखाली धडपडत होतं ते बघत उभा राहिला. ग्लेननं लांबून टोपी हलवली. एल्डनचे डोळे भरून आले होते, पण तोंडानं म्हणाला, "गाय हडकली आहे. ग्लेन चारा कमी घालतो, लेकाचा."

निघताना ट्विलानं त्याला बजावलं, "मी असेन तेव्हाच. एकटं उतरायचं नाही. शब्द द्या."

"दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाय अडली. एल्डन खुर्चीतून उठला आणि एकटाच निघाला. वरच्याच पायरीवर त्याला घेरी आली. ग्लेन धावत आला तेव्हा तो खाली पालथा पडला होता. दुसरा खुबाही मोडला. हॉस्पिटलात न्यूमोनिया झाला, आणि झाडांना पालवी फुटायच्या आत तो गेला.

ट्विलाला जे ठाऊक नव्हतं ते तिला कॉरिननंच सांगितलं. डॉक्टरांनी एल्डनच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाढवल्या होत्या. उठून उभं राहिलं की त्याचा दाब एकदम खाली येत होता. डॉक्टरांनी तसा कॉरिनला निरोप दिला होता. पायऱ्या सध्या सुरूच करायच्या नाहीत असं कॉरिननं मनाशी पक्कं केलं होतं, आणि पुढच्या भेटीत ट्विलाला सांगणार होती.

"तू फोन केला असतास तर तेव्हाच बोलले असते," कॉरिन म्हणाली.

"आणि तू मला आधी का नाही कळवलंस?"

कॉरिन म्हणाली, "पायऱ्या बंदच होत्या ना? मला वाटलं, एवढं पुरे आहे."

एल्डनची मुलगी रेनी डेन्व्हरला असते. वडिलांना पुरून झाल्यावर तिनं राज्याच्या परवाना मंडळाकडे तक्रार केली. चौकशीला माणूस आला तो आधी कॉरिनकडे. तो गेल्यावर कॉरिननं ट्विलाला बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं, "मी म्हटलंय की तू मला फोन केला होतास. मीच परवानगी दिली. एकदा करून बघ, धरून, असं म्हणाले."

"पण मी केला नव्हता."

"मला माहीत आहे गं. ऐक. मी थेरपिस्ट आहे. बेत बदलायचा अधिकार मला आहे. माझा अंदाज चुकला असं ठरेल, समज मिळेल, प्रकरण मिटेल. तू मात्र न विचारता केलंस असं ठरलं, तर तुझा परवाना जाईल. आणि तू गेलीस तर मी एकटी दोन जिल्हे कशी ओढू?"

ट्विला घरी आली आणि लायलच्या गळ्यात पडून रडली. सुरुवातीला तिला सुटल्यासारखं वाटलं. ते तिनं आमच्यापासून लपवलं नाही. चौकशीच्या माणसानं तिलाही विचारलं. "कॉरिननं सांगितलंय तसंच," एवढंच ती म्हणाली आणि खाली बघत बसली. नंतर तिचं जेवण सुटलं. रोग्यांकडे जायची, पण साध्या साध्या गोष्टीला हात थांबायचा. वर्षानुवर्षं सहज केलेलं काम ती आता तीन-तीनदा कॉरिनला फोन करून विचारायची, आणि कॉरिन खेकसायची.

मग रेनी वडिलांचं घर आवरायला आली. किराणा दुकानात, दूध-लोण्याच्या थंड कपाटापाशी, तिनं ट्विलाला गाठलं. मी तिथेच होते. आरडाओरडा होणार म्हणून मी पुढे झाले, पण रेनीचा आवाज अगदी हळू होता.

"तुम्ही माझ्या वडिलांना आवडायच्या," ती म्हणाली. "प्रत्येक फोनवर तुमचं नाव असायचं. मला एकच सांगा. कॉरिन म्हणते, तिनं परवानगी दिली. तिला तर त्या गोळ्यांचं माहीत होतं, डॉक्टरांनीच मला सांगितलं. माहीत असून कुणी पायऱ्या उतरवा असं कसं म्हणेल? ही बाई माणूस आहे का कोण आहे?"

ट्विलाच्या हातातली टोपली खाली टेकली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तिनं परवानगी दिली नव्हती," ट्विला म्हणाली. "मी फोनच केला नाही. माझं मीच ठरवलं."

रेनी कपाटाचं दार लावून निघून गेली.

तिथून ट्विला घरी गेली नाही, थेट कॉरिनच्या दारात गेली. मंडळाला कळवायच्या आधी तिला सांगितलंच पाहिजे, असं म्हणाली. मी गाडीत बसून होते, काच खाली होती, आणि कॉरिनचा आवाज तर असा की रस्त्यापलीकडेही ऐकू जावा.

"मला आधी विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणजे यातही तुझं तूच ठरवलंस." कॉरिन हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "तुला वाचवायला मी खोटं बोलले, ट्विला. माझ्यासाठी नव्हे. आता तू खरं बोलणारी, आणि मी?"

"ती तुला राक्षसीण समजत होती, कॉरिन. तुला सगळं माहीत असून तू त्याला पायऱ्यांवर धाडलंस असं तिला वाटत होतं. ते मी कसं ऐकून घेऊ?"

"समजू दे की! मला चाललं असतं. मी ते पत्करलं होतं. तुला मन हलकं करायचं होतं, आणि त्यासाठी तू माझं आयुष्यभराचं काम मोडलंस."

दार आपटलं. ट्विला गाडीत येऊन बसली. मग म्हणाली, "ती चुकीचं बोलत नाहीये."

मंडळासमोर दोघी वेगवेगळ्या दिवशी गेल्या. ट्विलाचा परवाना वर्षभरासाठी बंद झाला. त्यानंतर काही काळ थेरपिस्ट त्याच इमारतीत हजर असेल तरच काम, अशी अट पडली. कॉरिनवर तीन गोष्टी आल्या. मुदतीत रोग्याला न पाहणं, गोळ्यांची बाब सहायकाला न कळवणं, आणि चौकशीत खोटं बोलणं. पहिल्या दोन गोष्टींवर तिला समज मिळून सुटता आलं असतं, असं तिचा वकील नंतर म्हणाला. तिसरी नडली. तिनं आपला परवाना परत केला, दवाखान्याला कुलूप लावलं आणि भावाच्या बियाण्याच्या दुकानात हिशेबाला बसली.

गावात दोन तट पडले. काहींना ट्विलाचं पटलं. पण ज्यांना आता थेरपीसाठी दीड तास गाडी चालवावी लागते, त्यांतले बरेच चर्चमध्ये तिच्या बाकावर बसेनासे झाले. आमची आई त्यांतलीच म्हणायला हवी. आईलाही मागे अर्धांगवायूचा झटका आला होता, आणि तिचा उजवा हात कॉरिनच्या हाताखाली सुधारत होता. आता तो पुन्हा आखडला आहे. रविवारी आम्ही सगळे आईकडे जेवायला जमतो, तेव्हा ती सुनेला टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. "खरं बोलून झालं ना तुझं? आता हा हात कोण सरळ करणार, मंडळ?"

ट्विला ऐकून घेते. तिचं वर्ष कधीच सरलं. दीड तासावरच्या शहरातल्या वृद्धाश्रमात तिला काम मिळालं आहे. तिथला थेरपिस्ट तिच्या मुलाच्या वयाचा आहे. तो शेजारच्या खोलीत असतो आणि ती त्याला सगळं विचारते. त्याला तिचा कंटाळा येत नाही, असं ती म्हणते. ब्रेनरमध्ये मात्र तिच्यावर देखरेख करायला कुणी उरलेलं नाही, त्यामुळे इथे ती कुणावरच उपचार करू शकत नाही.

गेल्या रविवारी जेवणानंतर आईनं आपला आखडलेला हात टेबलावर ठेवला आणि, टोमणा न मारता, जरा नरमूनच म्हणाली, "अगं, निदान बोटं तरी दाबून दे. घरातच तर आहेस. कोण बघतंय?"

ट्विला उठली, आईशेजारी जाऊन बसली. मला वाटलं, आता ती हात धरणार. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मंगळवारी मी तुम्हाला माझ्याबरोबर शहरात नेते, आई," ती म्हणाली. "तिथला मुलगा तुम्हाला तपासेल. तो सांगेल तसं मी करीन."

"दीड तास? बोटं दाबायला?"

"हो."

आईनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?"