दर चार दिवसांनी दळण

आमच्या घरात एक नियम होता. आईला कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची नाही. नियम बाबांनी केला, पण त्याला कारण मी होते. मी तेव्हा बारा वर्षांची होते. बारा वर्षांच्या मुलीला काय कळतं, अशी मैत्रीण माझी समजूत घालते. मला सगळं कळत होतं. चुकीचं कळत होतं, एवढंच.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही राहायचो. बाबा नागपूरचे, कारखान्यात टेस्टिंगला इंजिनीअर. तयार झालेलं यंत्र बाहेर पाठवण्याआधी चालवून बघायचं, तीन वेळा रीडिंग घ्यायचं, तिन्ही जुळली की सही करायची, हे त्यांचं काम. घरातही ते तसेच. दुधात पाणी आहे असा संशय आला तरी तीन दिवस गप्प बसून बघणार, चौथ्या दिवशी दूधवाल्याला धरणार. आई वर्ध्याची. घरात शुद्ध मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि मी दोन्हींची खिचडी, असं आमचं तिघांचं घर.

आईला कमी ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक होतं आणि नव्हतंही. कारण ती बहिऱ्या माणसासारखी वागतच नसे. बहिरी माणसं ओरडून बोलतात. शेजारच्या क्वार्टरमधल्या म्हाताऱ्या आजींचं गुपितसुद्धा अख्ख्या रांगेला कळायचं. आई उलट इतकं हळू बोलायची की आम्हालाच कान द्यावा लागायचा. ''तू पोटात होतीस ना, तेव्हा माझ्या कानात कुकर बसला,'' ती सांगायची. ''शिट्टीही होत नाही आणि उतरतही नाही मेला.'' आम्ही हसायचो. पाहुणे आले की मीच तिला म्हणायचे, कुकरचं सांग ना.

पण रोजच्या व्यवहारात हसू येत नसे. बाबा पेपरात डोकं घालून काही विचारायचे, ती कणीक मळत राहायची. मी शाळेतून आल्या आल्या दारातून भडाभडा काही सांगावं, तर तिचं आपलं ''काय?'' पुन्हा सांगावं, तर पुन्हा ''काय?'' तिसऱ्या वेळेला सांगण्यातली मजाच निघून गेलेली असायची. बाबा म्हणायचे, ''हिला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.''

आणि एक दिवस मला पुरावाच सापडला.

बाजाराच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. सगळे तिला चक्की म्हणायचे, आणि ती चालवणाऱ्या चाचांच्या भुवयासुद्धा पिठाने पांढऱ्या असायच्या. पट्ट्याची धडधड, जात्याची घरघर, आत शिरलं की स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये असा गोंगाट. त्या दिवशी डबा धरायला आई मला घेऊन गेली. आत बाकावर पाच-सहा बायका आपापल्या दळणाची वाट बघत बसल्या होत्या. आई त्यांच्यात जाऊन बसली आणि काय सांगू, माझी आई बोलत होती! कोणाच्या सुनेचं काय झालं, कोणाच्या नवऱ्याची बदली कुठे झाली, सगळं ऐकत होती, पटापट उत्तरं देत होती, हसत होती. मला त्यातला एखादाच शब्द कळत होता. तिच्या पाठीमागून चाचा ओरडले, ''बारीक या मोटा, भाभीजी?'' आई न वळता म्हणाली, ''बारीक.''

उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळी बाबा आले तसं मी सांगून टाकलं, ''बाबा, आई नाटक करते. चक्कीवर तिला सगळं सुनाई देतं. मलासुद्धा ऐकू येत नव्हतं, तिला येत होतं.''

बाबांनी लगेच विश्वास ठेवला नाही. त्यांनी तीन रीडिंग घेतली. तीन संध्याकाळी, घर अगदी शांत असताना, ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या मागे जाऊन त्यांनी नेहमीच्या आवाजात तिला हाक मारली. तिन्ही वेळा ती वळली नाही. मग रविवारी बाजाराला जाताना टाउनशिपच्या खडखडाट करणाऱ्या बसमध्ये ते मुद्दाम तिच्या मागच्या सीटवर बसले आणि तशीच हाक मारली. आई चटकन वळली. शांततेत ऐकू येत नाही आणि गोंगाटात येतं, असा कान जगात असतो का? त्यांच्यापुरतं सिद्ध झालं.

आणखी एक खात्री म्हणून ते तिला टाउनशिपच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे बाहेर ही गर्दी, आत पंख्याची खरखर, कंपाउंडर नावं पुकारतोय. डॉक्टरांनी बॅटरी लावून कान पाहिले, पडदा स्वच्छ. चार प्रश्न विचारले, आईने चारही नीट ऐकून उत्तरं दिली. ''कान तो बिल्कुल ठीक हैं,'' डॉक्टर बाबांना म्हणाले. ''घर में कोई टेंशन है क्या?'' डॉक्टरांचा तरी काय दोष, त्यांच्यासमोर ती ऐकतच होती. घरी येताना बाबांची मान शरमेने खाली गेली होती आणि आईला नक्की काय झालं तेच कळत नव्हतं.

त्या रात्री जेवताना बाबांनी नियम सांगितला. सांगतानाही एकदाच सांगितला.

आई रडली-भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त ''काय?'' म्हणणं सोडून दिलं. त्याऐवजी ती मान हलवायची, हसायची, ''हो हो'' म्हणायची. बाबांना वाटलं, इलाज लागू पडला. मलाही वाटलं. घरात कटकट राहिली नाही. आणि आई दर चार दिवसांनी दळण घेऊन चक्कीवर जायला लागली. तिघांचं घर, महिन्याचं दळण एकदम आणता येतं, पण ही दोन-दोन किलो गहू निवडून डबा उचलणार. बाबा चिडवायचे, ''ताजं पीठ खाऊन आम्ही अमर होणार आहोत.'' ती हसून ''हो हो'' म्हणायची.

बारावीनंतर मला पुण्याला प्रवेश मिळाला. मी जेवताना ते सांगितलं, आई आमटी वाढत होती, तिने मान हलवली. चार दिवसांनी मी पलंगावर बॅग भरायला घेतली तेव्हा ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, ''कुठे निघालीस?'' मी म्हणाले, ''सांगितलं होतं.'' तेही मी बॅगेत बघत म्हणाले. ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी लाडू करायला लागली. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढची बरीच वर्षं अशीच गेली. माझं लग्न झालं, बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडून दोघं भोपाळमधल्याच कोलार रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे पिशवीतलं तयार पीठ येऊ लागलं, चक्की सुटली. फोनवर आई मला माझंच बोलणं पुरं करू देत नसे, सारखी स्वतःच बोलत राहायची. मला वाटायचं, म्हातारपण. सत्तरीला आल्यावर तिला दाराची बेल ऐकू येईना, तेव्हा मी सुट्टी काढून गेले आणि तिला कानांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आवाज न येणाऱ्या खोलीत बसवून, हेडफोन लावून त्यांनी आईची तासभर तपासणी केली. मग तिच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, ''अम्मा, पहले शोर में कैसा सुनाई देता था?''

आईचा चेहरा उजळला. ''चक्की पे एकदम साफ!'' ती म्हणाली. ''वहीं तो जाती थी मैं, बात करने. इसीलिए थोड़ा-थोड़ा पिसवाती थी.''

बाबा माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पडद्यामागे तीन चिमुकली हाडं असतात. त्यातलं शेवटचं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, हलतं तेव्हा आवाज आत पोचतो. आईचं ते हाड हळूहळू जखडून गेलं होतं. पडदा स्वच्छ असतो, म्हणून वरून काही दिसत नाही. हा आजार घराण्यातून येतो. पुष्कळ बायकांचा बाळंतपणाच्या सुमारास वाढलेला दिसतो. कानात सतत आवाज येतो. स्वतःचा आवाज डोक्याच्या हाडांतून स्वतःला मोठा ऐकू येतो, म्हणून ही माणसं हळू बोलतात. आणि गोंगाटात सगळेच नकळत आवाज चढवून बोलतात. तो गोंगाट आपल्याला त्रास देतो, यांना तितका देत नाही, म्हणून चढवलेलं बोलणं यांना छान ऐकू येतं. ''घरवालों को लगता है बहाना कर रही है,'' त्या सहज म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावलं.

त्या वेळी आणलं असतं तर, मी विचारलं. त्या वेळी ऑपरेशन होऊ शकलं असतं, ऐकायचं मशीनही उत्तम चाललं असतं, त्या म्हणाल्या. आता आतली नसही गेली होती. मशीन लावून बघू, जेवढं मिळेल तेवढं. बैल गेला अन् झोपा केला. निघताना त्यांनी मलाही कान तपासून घ्यायला सांगितलं. मी अजून गेलेले नाही.

मशीनं आली, दोन्ही कानांमागे बसली. बटणासारखी बॅटरी बदलायला बाबा शिकले, कधी बदलली ते वहीत लिहू लागले. आईने महिनाभर मनापासून प्रयत्न केला. ''आवाज खूप येतो गं,'' ती म्हणाली. ''पण भांडी पडल्यासारखा. त्यात माणसं कुठे आहेत ते सापडत नाही.'' दोनदा जाऊन मशीनं जुळवून आणली, त्याने भांडी थोडी दूर पडू लागली, इतकंच. बाबा आता तिला प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा सांगतात, गळ्याच्या शिरा ताणून. ती म्हणते, ''ओरडू नका, तुमचा चेहरा रागावल्यासारखा होतो.'' मग ते पाठ फिरवून डोळे पुसतात. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मला तिची माफी मागायची होती. घरी ते जमेना. कागदावर लिहायला बसले तर कागद फाडावासा वाटला, अर्ज केल्यासारखं वाटत होतं. मग मला सुचलं, चक्कीवर जाऊ. जिथे तिला ऐकू येतं तिथेच सांगू. सकाळी गव्हाचा डबा घेऊन आम्ही दोघी रिक्षाने जुन्या टाउनशिपमध्ये गेलो. कितीतरी क्वार्टर्स बंद, अंगणात गाजरगवत. चक्की मात्र होती. चाचा गेले होते, त्यांचा मुलगा होता, त्याचेही केस आता पिठाशिवायच पांढरे. त्याने आईला ओळखलं, बाक पुसून दिला. बाकावर दुसरं कोणी नव्हतं.

पट्टा सुरू झाला. तीच धडधड. मी तिच्याजवळ सरकले आणि सगळ्या बायका बोलायच्या तशी आवाज चढवून बोलले. आई, बाबांना मी सांगितलं होतं. तू नाटक करतेस असं मीच सांगितलं होतं. माझं चुकलं. आईने माझ्याकडे पाहिलं, हसली, मान हलवली, माझ्या गालावरचं पीठ पुसलं. मला वाटलं, झालं. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं. तेवढ्यात दळण झालं.

परतीच्या रिक्षात ती गरम डबा मांडीवर धरून बसली होती. बरंच पुढे आल्यावर माझ्याकडे झुकली.

''तिथे तू काहीतरी बोललीस ना,'' ती तिच्या हळू आवाजात म्हणाली. ''मला आता चक्कीवरही येत नाही ऐकू. पण पुन्हा सांग म्हटलं नाही. तुला आवडत नाही ना.''

मी पुन्हा सांगितलं. मग आणखी मोठ्याने सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा रिक्षावाल्याने दचकून मागे पाहिलं. आई ''हो हो'' म्हणाली आणि डब्याचं झाकण घट्ट लागलंय का ते बघू लागली.