सारंगाच्या घराचा नकाशा

मुंबईत एका आर्किटेक्टच्या कचेरीत मी काही वर्षं ट्रेसिंगच्या कापडावर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. पुढं हिवतापानं मला अलिबागला परत आणून सोडलं, तेव्हा पोटापाण्यासाठी दारावर पाटी लावली. पाटीवर फक्त ‘घरांचे नकाशे काढून मिळतील’ एवढंच लिहिलं होतं, पण गावानं मला तडकाफडकी इंजिनेर करून टाकलं. मीही फारसा विरोध केला नाही. फुकट मिळालेली पदवी नाकारण्याइतका मी मोठा नव्हतो.

दुसरं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली असतील. काशीदजवळच्या एका कोळीवाड्यातून एक गृहस्थ आले. ते आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. उभा जन्म दर्यावर काढून आता कायमचे घरी आले होते आणि त्यांना नवं घर बांधायचं होतं.

“केबिनवानी पायजे, इंजिनेरसाहेब,” ते म्हणाले. “हात लांबवला का लोटा, पाय लांबवला का दार. जागा वाया घालवायची न्हाय. आनि खिडक्या गोल.”

“गोल?”

“पानी आत येत न्हाय.”

जमिनीवरच्या घरात समुद्राचं पाणी कुठून शिरणार, हे मी विचारलं नाही. पहिलंच गिऱ्हाईक होतं.

घरी बसून मी नकाशा काढला. मुंबईच्या कचेरीत एका पारशी शेटजींचा बंगला गिरवला होता, तो माझ्या हाताला चांगला पाठ होता. त्यामुळं सारंगाच्या केबिनला आपोआप चार खांब फुटले, दिवाणखाना आला आणि पुढं घोडागाडी उभी राहायला ऐसपैस पोर्च आला. कलाकाराचा हात धरून ठेवता येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रेवदंड्याची खाडी होडीनं ओलांडून, पुढं वाळू तुडवत मी त्यांच्याकडं पोचलो. सारंग पडवीत वाट पाहत होते. त्यांची बायको, तिला सगळे सारंगीण म्हणत, चहा घेऊन आली. नवरा दर्यावर असताना होडी, मासळीचा धंदा आणि दोन मुलींची लग्नं तिनंच निभावली होती. ती कप ठेवून नकाशावर वाकली.

“दादा, हे काय हाय?”

“पोर्च. पाहुण्यांची गाडी इथं थांबेल.”

“कोनची गाडी?”

दारापर्यंत जो रस्ता होता त्यात बैलगाडीचं चाकसुद्धा आसापर्यंत रुतायचं. मी खोकलो आणि पोर्च खोडला. त्याबरोबर खांबही गेले, कारण आता ते काय उचलून धरणार हा प्रश्नच होता.

दुसऱ्या नकाशात मी सारंगाचं सगळं ऐकलं. अरुंद वाटा, भिंतीतली कपाटं, गोल खिडक्या आणि समुद्राकडं तोंड. स्वतःचं डोकं न वापरता काढलेला नकाशा किती लवकर पुरा होतो, हे मला तेव्हा कळलं. तो घेऊन गेलो आणि त्या दिवशी माझी खरी नोकरी कोणती ते उमगलं.

“आमच्या मानसाला इचारा,” सारंगीण मला म्हणाली, “घराचं तोंड समुद्राकडं कशाला?”

तिचं माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर विडी ओढत बसलं होतं. तरी मी विचारलं.

“तिला सांगा, समुद्र दिसल्याबिगर मला झोप न्हाय लागत.”

“त्यांना सांगा, मी ल्हानपनापास्नं तोच बघत बसले. होडी आली का, आगबोट दिसली का. आता मला रस्ता बघू दे. कोन आलं, कोन गेलं, ते तरी कळंल.”

मी इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं पोचवत राहिलो. दोघांची भाषा एक, गाव एक, लग्नही एकमेकांशीच झालेलं. पण दुभाष्या अलिबागेहून मागवावा लागला होता. सारंगाच्या आजवरच्या सगळ्या रजा गोळा केल्या असत्या, तरी नवी जोडी अजून लाजावी इतकाच त्यांचा सहवास भरला असता. मुंबईच्या कचेरीत हे काम शिकवलं नव्हतं.

मग तिनं झोपण्याच्या खोलीवर बोट ठेवलं. “ही रेघ?”

“झोपायची फळी. भिंतीला ठोकलेली.”

“कुनाची?”

“सारंगांची.”

“आनि माझी?”

मी सारंगांकडं पाहिलं. सारंग समुद्राकडं पाहू लागले. फळी दोन फूट रुंद होती. त्यांनी सांगितली होती आणि मी ती बारीक निबानं, मोठ्या झोकात काढली होती. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा रंगवला होता. त्या घरात एक बाईही निजणार आहे, एवढं मात्र आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मला एकट्याचीच सवय हाय गो,” सारंग हळूच म्हणाले. माझ्यादेखत ते तिच्याशी प्रथमच थेट बोलले.

“मलापन हाय,” ती म्हणाली. “पन म्हनून मी काय माझ्यापुरती फळी ठोकून घेतली न्हाय.”

ती कप उचलून आत गेली आणि बाहेर आली नाही. सारंगांच्या हातातली विडी विझली तरी ते ती तशीच धरून बसले होते. मी खिशातून रबर काढलं, परत ठेवलं. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

“इंजिनेरसाहेब, फळी पुसा.”

मी पुसली. शाईची रेघ सहजासहजी जात नाही. कापड खरवडावं लागलं.

तिसऱ्या खेपेला गेलो तर माझ्यावाचून भांडण चालू होतं. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. नोकरी गेली म्हणून. तडजोड अशी ठरली, की घराचं तोंड रस्त्याकडं, पुढं जाळी पसरता येतील एवढी रुंद पडवी आणि माडीवर समुद्राच्या बाजूला गोल खिडक्यांची एकच खोली. एवढं विचित्र घर माझ्या हातून उतरावं याची मला इतकी लाज वाटली, की नकाशावर सही करताना नाव मुद्दाम वाचता येणार नाही असं गिचमिड केलं.

घर झालं. पुढल्या वर्षी मुरुडला जाताना सहज डोकावलो. माडीवर वारा उत्तम खेळतो म्हणून सारंगिणीनं तिथं बोंबील टांगले होते. सारंग खाली पडवीत जाळं विणत बसले होते. ते चुकीचं विणत होते आणि ती समोर बसून न बोलता उसवत होती.

“बरं झालं आलात!” सारंग म्हणाले. “पडवी कमी पडते. मागं वाढवायची हाय.”

“मागं न्हाय, पुढं,” सारंगीण म्हणाली.

“मागं गो! पुढं वाळू आत येते.”

“मागं माझी चूल हाय.”

दोघं इतक्या जोमात आली, की मी तिथं आहे हे विसरूनच गेली. मी चहा संपवला, मुरुडला कुणाचं तरी काम अडून बसलंय असं पुटपुटलो आणि वहाणा पायात सरकवल्या. कुणी थांबवलं नाही.