प्रशांत, तो क्वार्टरबॅक आणि ते पाच जण

माझा नवरा जाऊन आज एक वर्ष झालं, आणि तो नालायक क्वार्टरबॅक अजून खेळतोय.

टीमचं नाव लिहीत नाही. नाव घ्यावं असं त्यांनी काही केलेलं नाही.

ज्यांना हा अमेरिकन फुटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात बॉल येतो आणि ज्याने तो पटकन फेकायचा असतो. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे त्याच्यापुढे उभे राहून समोरच्यांना अडवणारे पाच धिप्पाड गडी.

आमचा क्वार्टरबॅक बॉल फेकत नाही. कवटाळून उभा राहतो.

मग आपटतो.

मग मॅच संपल्यावर माइकसमोर चेहरा पाडून सांगतो, प्रोटेक्शन कमी पडलं.

लाइनही काही धुतल्या तांदळासारखी नाही. "आपला लेफ्ट टॅकल म्हणजे मॉलचं दार आहे. कोणीही समोर आलं की आपोआप उघडतं," असं प्रशांत लाइनच्या डाव्या टोकाच्या गड्याबद्दल म्हणायचा. पण तो बिचारा निदान माइकसमोर दुसऱ्यावर ढकलत नाही.

गंमत म्हणजे प्रशांतला आधी या खेळाचा तिटकारा होता. नागपूरचा माणूस, हाडाचा क्रिकेटवाला. आम्ही अमेरिकेत डब्लिनला आलो तेव्हा, सोमवारी ऑफिसमध्ये मॅचचा विषय निघाला की हा उठून कॉफी आणायला जायचा.

मग आमचा अनिकेत हायस्कूलला गेला. उंच आणि तेवढाच आडवा. कोचने त्याला बघितलं आणि थेट लाइनमध्ये उभं केलं.

पहिल्या मॅचला आम्ही दोघं ब्लँकेट गुंडाळून स्टँडमध्ये बसलो. मॅच संपली तरी पोराच्या हाताला बॉल लागला नाही.

घरी येताना प्रशांत म्हणाला, "कोचशी बोलू का मी? तुला बॉलच देत नाहीत."

"बाबा, आय ॲम नॉट सपोज्ड टू टच इट."

"मग तू करतोस काय तिथे?"

"आय कीप हिम फ्रॉम गेटिंग हिट. दॅट्स द जॉब."



पुढच्या मॅचपासून प्रशांतने बॉलकडे बघणंच सोडलं. सगळं स्टँड बॉलच्या मागे माना वळवायचं, हा त्या पाच जणांवर डोळे लावून बसायचा. कोणाचा पाय घसरला, कोणी दोघांना एकटं थोपवलं, सगळं मला सांगायचा. मी विचारलेलं नसायचं.

अनिकेतच्या शेवटच्या वर्षीची गोष्ट. शाळेचा क्वार्टरबॅकही आमच्या या महाशयांच्याच जातकुळीचा. बॉल धरून उभा राहिला, आपटला, बॉल सुटला, मॅच हातची जायची वेळ आली. त्याने हेल्मेट काढलं आणि सगळ्यांसमोर अनिकेतवर ओरडायला लागला.

त्याचा बाप आमच्या मागेच बसला होता. तोही ओरडला, "सिक्स्टी-फोर, यू आर अ जोक!"

सिक्स्टी-फोर म्हणजे आमचा अनिकेत.

प्रशांत उठून उभा राहिला. ज्याने कधी मीटिंगमध्ये आवाज चढवला नाही, हक्काचं प्रमोशन दुसऱ्याला दिलं तरी घरी येऊन मुकाट्याने वरणभात कालवला, तो माणूस.

"माय सन ब्लॉक्ड हिज मॅन," तो वळून म्हणाला. "युवर सन हॅड द बॉल. व्हाय डिड ही नॉट थ्रो?"

स्टँडमध्ये आमच्यासारखं दिसणारं दुसरं कोणी नव्हतं. मी त्याचं जॅकेट ओढत होते.

"सिट डाउन, बडी," तो बाप म्हणाला.

प्रशांत बसला नाही. मॅच संपेपर्यंत उभाच.

कारमध्ये अनिकेत खिडकीकडे तोंड करून बसला. "यू एम्बॅरस्ड मी, बाबा." मग कितीतरी दिवस अबोला.

एकदा जेवताना अनिकेत मान खाली घालून म्हणाला, "ही डिड होल्ड इट टू लाँग."

प्रशांतने त्याला अजून एक पोळी वाढली.

अनिकेत नोकरीला फ्रीमाँटला गेला. दर रविवारी मॅचभर बापलेक फोनवर. जॉब कसा आहे, तब्येत कशी आहे, काही नाही. तीन तास नुसत्या क्वार्टरबॅकला शिव्या.

मग प्रशांतला पॅनक्रियाजचा कॅन्सर निघाला. हातात फार वेळ नव्हता.

भेटायला येणारे सगळे सांगायचे, पॉझिटिव्ह राहा. ते गेले की प्रशांत म्हणायचा, "दार लाव, आणि लाइनबद्दल कोणी काही लिहिलं असेल तर वाचून दाखव."

त्या रविवारी दुपारी त्याचा बेड हॉलमध्ये होता. शेवटच्या दिवसांत काळजी घ्यायला येणारी हॉस्पिसची नर्स म्हणाली होती, त्यांना ऐकू जातं. घरी आलेल्या अनिकेतने मॅच लावली.

प्रशांत सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. क्वार्टरबॅकच्या हातात बॉल आला. तो उभा राहिला. उभाच राहिला.

प्रशांतचे ओठ हलले. पाणी हवं असेल म्हणून मी वाकले.

"फेक ना बे," तो म्हणाला.

त्या गाढवाने नाही फेकला.

मॅच संपायच्या आत प्रशांत गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एका काकूंनी विचारलं, शेवटी काही बोलले का गं? लोकांना शेवटचे शब्द सुंदर लागतात. मी काही म्हणायच्या आत अनिकेतने माइक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. "फेक ना बे" मात्र मराठीत, अगदी बापाच्या नागपुरी सुरात.

मला वाटलं जमीन दुभंगावी.

मग मागून एक काका फस्सकन हसले. मग सगळेच. भन्तेजीसुद्धा.

आणि मी त्या दिवसांत पहिल्यांदा रडले.

आज सकाळी घरी वंदना झाली. लोक जेवून गेले.

प्रशांत, त्या क्वार्टरबॅकचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलंय. तुला सांगणार नव्हते.

दुसरी बातमी चांगली आहे. अनिकेतला मुलगी होणार आहे. वजन भरपूर आहे म्हणे.

जय भीम, प्रशांत. तुला मनापासून वंदन.