भरतीच्या वर्षी वगळलेलं घर

पासष्टची लढाई सुरू झाली तशा जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत रात्रपाळ्या वाढल्या आणि नवी भरती निघाली. बाबांनी सांगून ठेवलं होतं, भाऊ कामाला लागला तर मी कॉलेजात जायचं, नाहीतर मॅट्रिकवर थांबायचं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. भावाच्या परीक्षेचा घोर त्याच्यापेक्षा मलाच जास्त.

फिटरच्या त्याच जागेसाठी आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतला बंगाली माणूसही परीक्षेला बसला होता. पूर्व बंगालातलं घरदार सोडून आलेलं ते जोडपं. नळावर आई म्हणायची, "हे लोक येऊन राहिले, आपल्या पोरांनी जावं कुठं?"

शेजारची भाभी एकदा हसत म्हणाली, "दीदी, आप लोग नागपुर से आए थे, तब मेरे ससुर भी यही कहते थे."

आई हसली नाही.

संक्रांतीपर्यंत लढाई संपली, भरतीचा निकाल लागायचा होता. मी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाले.

"ते बंगाल्याचं घर सोड," आई म्हणाली.

"काहून?"

"सोड म्हटलं नं."

ती बाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मला येताना पाहून तिनं वाटेतलं सूप बाजूला सारलं. मी पुढच्या दारी गेले.

जागा तिच्या नवऱ्याला मिळाली. मामाच्या ओळखीनं भाऊ मुंबईकडच्या एका कारखान्यात लागला आणि माझं कॉलेज सुरू झालं. दिवाळीला आला तेव्हा जेवताना म्हणाला, "तिथं मला एमपीवाला म्हणतात. विचारतात, आमच्या पोरांच्या जागा खायला आला का?"

"पण आपण तर मराठीच!" आई म्हणाली.

"मीही तेच सांगून राहिलो त्यांना."

तो पुरे म्हणत होता, तरी आई भात वाढत राहिली.

पुढच्या संक्रांतीला तिनं मला सगळ्यात आधी बंगाली बाईकडे पाठवलं. ती दारातच म्हणाली, "क्यों, इस साल भर्ती नहीं निकला?" मी संध्याकाळचं बोलावणं सांगून निघाले.

संध्याकाळी ती आली, सगळ्यांच्या शेवटी. आईनं कुंकू लावलं, वाण दिलं.

"बेटा उधर ठीक है?"

"ठीक है," आई म्हणाली. मग हळूच, "वो लोग उसको बाहरवाला बोलते हैं."

"बोलेगा." तिनं वाण पदराखाली घेतलं. "उसको बोलो, काम नहीं छोड़ना."

त्यानं सोडलं नाही, म्हणून मी बी.ए. झाले. पण सुट्टीत आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचा, "इकडं भरती निघाली का?"