बारसं आणि बारावं

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, कानातल्या मशीनने आता सगळं नीट ऐकू येतं ना?" उत्तर क्रमाने देते.

मशीनमध्ये मोठ्या आवाजाला कमाल मर्यादा घालून देतात. माझी सुरुवातीला जरा वर होती. स्वयंपाकघरात ताट पडलं की डोक्यात झांज वाजायची. दादरच्या ऑडिओलॉजिस्ट मुलीला मी म्हटलं, "खाली आण." तिने थोडी आणली. "आणखी." ती म्हणाली, "आजी, फार खाली आणली तर बोलणंही दाबलं जाईल, शब्द सपाट होतील." मी म्हटलं, "होऊ देत." दोन आठवडे कानांना स्वर्गसुख.

मग फणसवाडीतून फोन आला. तिथे माझी शाळेपासूनची मैत्रीण राहते, आणि ती महिनाभर आजारी होती. फोनवर तिची सून. "मावशी, बुधवारी बारावं आहे. नक्की या हं!" म्हणजे ती गेली, आणि मला कोणी कळवलंही नाही! त्यात सुनेचा आवाज इतका प्रसन्न की मला तिचा रागच आला. मी दोन दिवस रडले. मैत्रिणीची नात बाळंतपणाला आली आहे हे माहीत असूनही सुचलं नाही.

बुधवारी करड्या रंगाची जुनी साडी नेसून, रिकाम्या हाताने गेले. दार उघडलं ते मैत्रिणीनेच. अंगावर पैठणी, डोक्यात गजरा.

"अगं, पणतीच्या बारशाला हे काय सोंग?"

"तू आहेस?"

"नसायला काय झालं?"

फोनवरच्या 'बारसं'मधला 'स' माझ्या त्या मर्यादेखाली चिरडला गेला होता. मी खरं ते सांगितलं. ती चौकट धरून हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली.

"आत ये. स्वतःच्या बाराव्याला स्वतः वाढणारी मी पहिलीच असेन." पान वाढता वाढता हळूच म्हणाली, "दोन दिवस रडलीस? खरंच?"

"खरंच."

"मग आणखी एक पोळी घे."

दुसऱ्या दिवशी मी दादर गाठलं आणि मर्यादा पुन्हा वर घ्यायला सांगितली.

"कानाला टोचेल हं, आजी," मुलगी म्हणाली.

"टोचू दे," मी म्हटलं. "त्या बाईला मी पुन्हा मारणार नाही."