दोन तासांवरचा परदेश

कॅनडा आणि अमेरिकेचे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. ऑफिसच्या फ्रीजच्या दारात केचपच्या पुड्या साचतात ना, तसे ते आमच्याकडे साचत गेले. कुणी आणून ठेवले ते आठवत नाही, पण दार उघडलं की दोन-चार बाहेर पडतातच.

आमचं ऑफिस बॉथेलला, सिएटलच्या जरा वर. लॅबमधल्या मशीन्सचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. इथून गाडीने दोनेक तास वर गेलं की कॅनडा. मी नागपूरहून नवी नवी आले तेव्हा मला हे दोन देश म्हणजे एकाच सोसायटीच्या दोन विंग वाटायचे. तीच भाषा, तेच रुंद रस्ते, तेच बादलीएवढे कॉफीचे कप. याच्यापेक्षा जास्त फरक नागपूर आणि पुण्यात आहे, असं मी माझ्या नवऱ्याला, निखिलला, ठासून सांगायचे.

मग आमच्या टीममध्ये कॉलिन आला.

*

कॉलिन ब्रिटिश कोलंबियातल्या एका डोंगरी गावचा. लाल दाढी, आणि आवाज इतका हळू की मीटिंगमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची पकडावी लागते. तो नवा असतानाच एक सेल्समन आम्हाला डेमो द्यायला आला होता. डेमो संपल्यावर त्याने कॉलिनला विचारलं, तुम्ही अमेरिकेत कुठले?

कॉलिन म्हणाला, जरा उत्तरेकडचा.

"मोंटाना?"

"अजून थोडं वर."

सेल्समनने मनातल्या मनात नकाशा आठवून पाहिला आणि म्हणाला, "पण त्याच्या वर तर काहीच नाहीये."

"बरोबर," कॉलिन म्हणाला. "मी तिथलाच."

आम्ही सगळे हसलो, सेल्समनही हसला. तो गेल्यावर कॉलिन मला एवढंच म्हणाला, "इंटरेस्टिंग माणूस आहे." मला वाटलं, आवडला असेल. बऱ्याच महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की कॉलिनच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी तीच.

*

आमचा टीम लीड ब्रॅड हॉलनबेक. मूळचा ओहायोचा. मनाने लाखात एक, पण तोंडाला ब्रेक नाही. ब्रॅड चिडला की अख्ख्या मजल्याला कळतं आणि पाच मिनिटांत तो विसरतोही. त्याचं मत असं की कॅनेडियन लोक इतके सभ्य असतात की खरं काय ते कधी बोलतच नाहीत. कॉलिनचं मत असं की अमेरिकन लोक आधी बोलतात आणि मग गरज पडली तर विचार करतात. दोघांनीही आपापलं मत मला वेगवेगळं, विश्वासात घेऊन सांगितलेलं होतं.

एकदा टीमची ट्रिप ठरत होती. कॉलिनने ग्रुपवर टाकलं, वीकेंडला मस्त वीस आहे, जॅकेट नको. ब्रॅड वगैरे मंडळींनी ते फॅरेनहाइटमध्ये, म्हणजे पाणी गोठेल एवढी थंडी असं वाचलं आणि पाच जणांनी येणं कॅन्सल केलं. वीस सेल्सिअस म्हणजे काय, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कॉलिनला फार आनंद झाला. त्याने मला विचारलं, इंडियात सगळं मेट्रिकच ना?

मी हो म्हणाले आणि मग प्रामाणिकपणे विचार करायला लागले. हवा सेल्सिअसमध्ये, ताप मात्र फॅरेनहाइटमध्ये. दूध लिटरमध्ये, माणसाची उंची फुटांत. कॉलिनने माझा हातच हातात घेतला. त्यांच्याकडेही हवा सेल्सिअस, पण ओव्हन फॅरेनहाइट. रस्ता किलोमीटर, पण स्वतःचं वजन पाउंडात.

"तुम्ही आमचेच आहात," तो म्हणाला.

ब्रॅड लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "म्हणजे दोघंही कन्फ्युज्ड."

*

पुढे अमेरिकेने कॅनडाच्या मालावर जादा कर लावायचं, टॅरिफचं प्रकरण सुरू झालं, आणि या गमतीजमतींची चव बदलली.

माझी मोठी नणंद, वैशालीताई, बॉर्डरपलीकडे सरेला राहते. आधी ती महिन्याकाठी एकदा तरी आमच्याकडे यायची. आता तिने जाहीर केलं की अमेरिकेत पाऊल टाकणार नाही आणि अमेरिकन वस्तू घरात आणणार नाही. दुकानात ती प्रत्येक डबा उलटा करून कुठे बनलाय ते वाचते, असं तिचा मुलगा वैतागून सांगायचा. आमचे व्हिसाचे कागद तेव्हा प्रोसेसमध्ये होते, त्यामुळे आम्हाला देशाबाहेर जाता येत नव्हतं. म्हणजे आम्ही जाऊ शकत नाही आणि ती येणार नाही. दोन तासांवरची नणंद फक्त व्हिडिओ कॉलवर. निखिल वरवर चेष्टा करायचा, पण त्याला लागलं होतं.

त्यातच आमच्या ईराचं पोट दुखायला लागलं. आठ वर्षांची पोर, संध्याकाळपर्यंत सरळ उभी राहीना. अपेंडिक्स निघालं, आणि ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. आम्ही दोघं वेटिंग रूममध्ये बसलो होतो. निखिलने ताईला फक्त मेसेज टाकला होता. डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा मी उठून त्यांचे आभार मानले. मी खुर्चीत बसते न बसते तोच कॉरिडॉरच्या टोकाला ताई दिसली. हातात मुगाच्या खिचडीचा डबा.

निखिल तिला बघतच राहिला. म्हणाला, "ताई, तू तर अमेरिकेत येणार नव्हतीस."

"मी अमेरिकेत कुठे आलेय?" ताई म्हणाली. "मी ईराकडे आलेय."

राहिली तेवढे दिवस ती तत्त्वाला चिकटून राहिली. चहापत्ती तिकडची, बिस्किटं तिकडची. हॉस्पिटलच्या कँटीनमधली कॉफीसुद्धा घेतली नाही. इथेच जन्मलेल्या ईराने विचारलं, "आत्या, आर यू मॅड अ‍ॅट मी?" तेव्हा मात्र तिने पोरीला जवळ घेतलं आणि सांगितलं, तुझ्यावर नाही गं, तू तर माझी आहेस. ती परत निघाली तेव्हा मी तिच्या मागोमाग पेट्रोल पंपापर्यंत गेले. ताईने इकडच्या स्वस्त पेट्रोलने टाकी काठोकाठ भरून घेतली. मी नुसती बघत होते.

"गाडीला देश नसतो," ताई म्हणाली आणि काच वर केली.

*

इकडे ऑफिसात ब्रॅडची गाडी सुसाट होती. त्या दिवसांत सगळीकडे जो जोक चालला होता, कॅनडा म्हणजे आमचं एक्कावन्नावं राज्य, तो त्याने मीटिंगमध्ये केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग कॉलिनला त्या राज्याचा 'गव्हर्नर' म्हणून हाक मारायला लागला. कॉलिन दर वेळी "इंटरेस्टिंग" म्हणायचा. आता मला त्याचा अर्थ कळत होता. तो आमच्याबरोबर जेवायला यायचा बंद झाला. तो दुसरीकडे नोकरी बघतोय, असंही कानावर आलं. मी ब्रॅडला बाजूला घेऊन सांगितलं, तर तो म्हणाला, अगं तो हसतो की.

शेवटी एका सकाळी, उभ्या उभ्या कामाचा आढावा घ्यायच्या स्टँडअप मीटिंगमध्ये कॉलिनने आपलं काम सांगितलं आणि त्याच हळू आवाजात पुढे म्हणाला, "ब्रॅड, काल माझ्या आईने फोनवर विचारलं, तुला तिथे त्रास देतात का? तिला काय सांगू?"

ब्रॅडचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याला आपल्या जोकमागे कुणाची आई असेल असं वाटलंच नव्हतं. त्याने काय करावं? त्याने कॉलिनकडे फोन मागितला. "लाव. मीच सांगतो."

आणि खरंच, जेवणाच्या सुट्टीत आमच्या सगळ्यांसमोर त्याने कॉलिनच्या आईची माफी मागितली. फोन स्पीकरवर होता. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या की झालं ते झालं, आणि विचारलं, "तुझं आडनाव काय म्हणालास?"

ब्रॅडने सांगितलं.

"आमच्या गावात एक हॉलनबेक आहेत. जीन. शाळेत सुतारकाम शिकवायचे. तेही ओहायोचेच."

ब्रॅड खुर्चीत बसला. त्याने ते नाव पुन्हा सांगायला लावलं.

*

जीन हा ब्रॅडचा सख्खा काका. व्हिएतनामच्या युद्धाच्या वेळी दोघा भावांना सैन्याचं बोलावणं आलं होतं. थोरला वॉल्टर, म्हणजे ब्रॅडचे वडील, युद्धावर गेला. धाकटा जीन बॉर्डर ओलांडून कॅनडात गेला. अशा मुलांना पुढे सरकारने माफ केलं. वॉल्टरने केलं नाही. त्यांच्या घरात जीनचं नाव कुणी काढायचं नाही. ब्रॅडला तर काका जिवंत आहे की नाही हेही माहीत नव्हतं.

आता वॉल्टर ब्रॅडकडेच राहतात. ब्रॅडने धीर करून त्यांना सांगितलं की जीन सापडलाय. म्हाताऱ्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "अजून प्रवास झेपतो का त्याला?"

एवढंच. ब्रॅडला कळेना याचा अर्थ काय घ्यायचा. त्याने जीनला फोन करून जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून जीन हसायला लागला. म्हणाला, वॉल्टचं हे आमंत्रणच आहे.

ज्या वर्षी कॅनेडियन लोक अमेरिकेला यायचं टाळत होते, त्याच वर्षी जीन हॉलनबेक निघाले. कॉलिन सुट्टीला गावी गेला होता, तो त्यांना गाडीतून घेऊन आला. वाटेत ते छान बोलत होते, पण बॉर्डर दिसायला लागल्यावर त्यांनी पासपोर्ट काढून हातात धरला, असं कॉलिनने नंतर सांगितलं. खिडकीत एक तरुण ऑफिसर होता. त्याने विचारलं, अमेरिकेत शेवटचे कधी होतात? जीन म्हणाले, तुझा जन्म व्हायच्या बऱ्याच आधी. कशासाठी चाललात? भावाला भेटायला.

"किती दिवस राहणार?"

"ते भावावर आहे," जीन म्हणाले.

ऑफिसरने पासपोर्ट परत दिला आणि म्हणाला, "गुड लक, सर."

मी त्या दुपारी ब्रॅडच्या घरी होते, कारण त्याने मला जवळजवळ ओढूनच नेलं होतं. बाहेरचं माणूस असलं की डॅड आरडाओरडा करणार नाहीत, हा त्याचा हिशेब. वॉल्टर सकाळपासून दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले काळे बूट. सैन्यातली सवय, ब्रॅड म्हणाला. सकाळी घातलेले बूट झोपायच्या वेळीच निघतात. मी विचारलं, चहा करू का? ते नको म्हणाले. मी घड्याळाकडे बघणंही टाळत होते. त्यांनी दारातूनच जीनला परत पाठवलं तर आम्ही काय करणार होतो, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केलेला नव्हता.

गाडी आली. ब्रॅडने दार उघडलं. आधी कॉलिन, त्याच्यामागे एक बारीकसे, पांढऱ्या वेणीचे म्हातारबुवा. इथल्या घरांमध्ये लोक बूट घालूनच आत येतात. कॅनडात मात्र आपल्यासारखंच, दाराशीच काढायचे. जीन पायपुसण्यावर थांबले, भिंतीला हात टेकून त्यांनी एकेक बूट काढला, नीट जोडून ठेवला आणि मोजे घातलेल्या पायांनी तिथेच उभे राहिले.

वॉल्टर त्यांच्या पायांकडेच बघत होते. एका मोज्याला अंगठ्याशी रफू केलेलं होतं. ब्रॅडने माझं मनगट धरलेलं होतं आणि ते दुखायला लागलं होतं.

मग वॉल्टर खुर्चीत पुढे वाकले आणि आपल्या बुटाची नाडी सोडायला लागले. त्यांचा हात नाडीपर्यंत नीट पोचत नव्हता. ब्रॅड पुढे व्हायला लागला, तर कॉलिनने त्याला मागे ओढलं. जीन खोली ओलांडून गेले, गुडघे धरत सावकाश खाली बसले आणि भावाचा पाय त्यांनी मांडीवर घेतला.

"गाठ डबल आहे," वॉल्टर म्हणाले.

"माहितीये," जीन म्हणाले. "तूच शिकवलीस."