आबांचं उठणं

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, म्हातारपण येईपर्यंत कधी उन्हं अंगणात आल्याशिवाय उठले नाहीत. आमच्या अख्ख्या खुटबाव गावाला ते ठाऊक होतं. गावात मीटिंग ठरायची तेव्हा लोक हसून म्हणायचे, "आबांच्या सकाळी ठेवा, म्हंजी दुपारी." आबा चिडत नसत. पांघरुणातूनच म्हणायचे, "सूर्य उगवायला माझी काय गरज हाय?" गेल्या थंडीत ते गेले. त्यांची शेवटची काही वर्षं ज्यांनी पाहिली नाहीत, त्यांना ते अजून असेच आठवतात.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि दौंडला डायलिसिस सुरू झालं, एक दिवसाआड. तिथं सकाळची पहिली पाळीच तेवढी मोकळी होती. त्यासाठी घरातून अंधारातच निघावं लागे. माझे यजमान शिरूरकडच्या कंपनीत पाळीवर, माझ्या कडेवर तान्ही मुलगी. आबा म्हणाले, "मी नेतो तिला. त्यात काय यवढं?" मी आणि यजमानांनी एकमेकांकडे पाहिलं.

सुरुवातीचे काही दिवस निभावलं. मग एका पहाटे दौंडला न्यायला ठरवलेला व्हॅनवाला दारात हॉर्न वाजवत राहिला आणि आबा उठेनात. आत्या स्वेटर घालून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी हाका मारायला निघाले तर म्हणाल्या, "निजू दे गं. उठतील." आबा उठून, तोंड धुऊन गाडीत बसेपर्यंत उजाडलं होतं. दौंडला पोहोचले तेव्हा मशीन दुसऱ्या पेशंटला लागलेलं. उद्या या, असं तिथल्या लोकांनी सांगितलं.

तो दिवस आत्यांनी भिंतीला उशा लावून बसून काढला. आडवं झालं की धाप लागायची. पाय टम्म सुजलेले. आबा पायथ्याशी बसून त्या पायांकडे बघत होते. आत्याच दम खात म्हणाल्या, "अवो, तुमी जेवून घ्या." आबा ताटावर बसले आणि घास न घेता उठले.

त्या संध्याकाळपासून त्यांनी बाज आतल्या खोलीतून काढून गोठ्याच्या पडवीत टाकली. पारावरच्या गप्पा बंद केल्या. दिवेलागणीला जेवायचं आणि पडायचं. झोपताना तांब्याभर पाणी प्यायचे, तेही आत्यांच्या नजरेआड. त्यांना पाणी मोजून मिळायचं ना. मला म्हणाले, "मोबाईलचा गजर दाबून गप करता येतो. पोटातलं पानी गप बसत न्हाई." पहिले दिवस फार वाईट गेले. बाजेच्या कडेला बसल्या बसल्या पेंगायचे, मग धडपडत जाऊन हौदाचं गार पाणी डोक्यावर ओतून घ्यायचे. दौंडला जायचं नसेल त्या दिवशीही उठायचे. मी म्हटलं, "आबा, आज तरी निजा की." तर म्हणाले, "एक दिस उठायचं आन् एक दिस लोळायचं, असं अंगाला समजत न्हाई. अंग मुकं जनावर हाय. त्येला रोज येकच वाट दावावी लागती."

हळूहळू अंगाला वाट कळली. पुन्हा कधी व्हॅनला दारात खोळंबावं लागलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुढचंच. एकदा पहाटे मुलीचं दूध गरम करायला उठले, तर चुलीपुढे दोघं बसलेली. आत्या बोलत होत्या आणि आबा ऐकत होते. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीची काहीतरी गोष्ट होती. मला पाहून आत्या लाजल्या. त्या आत गेल्यावर आबा हळूच म्हणाले, "सारा संसार मी निजलेला आन् ही येकटीच उठलेली. पहाटं ही गुणगुणती, हे मला आत्ता कळलं बघ. तवा कोन ऐकत व्हतं?" ते लाकडं नीट करत राहिले.

पुढे तीन हिवाळे आत्यांनी काढले. चौथा निघाला नाही. दौंडच्या दवाखान्यातच, मशीन लावायच्या आधी, आबांचा हात धरून त्या गेल्या.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या पहाटे उठले तर चूल पेटलेली होती आणि आबा एकटेच बसले होते. मी म्हटलं, "आबा, आता कशाला उठलात?" त्यांनी पाट पुढे सरकवला. "बस जरा." लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर अशी बसले नव्हते. पदर सावरत टेकले. मग त्यांनी विचारलं, "सुनीता, तुझ्या आईचं नाव काय व्हतं गं?"

माझी आई मी कॉलेजात असताना शिरूरला वारली. सासरी आजवर कुणी तिच्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

"यमुना," मी म्हटलं.

"यमुना," आबा म्हणाले. "ती पहाटं उठून काय करायची?"

मी सांगायला लागले. बाहेर उजाडेपर्यंत सांगत होते.